गोदावरीत शिवडा लागत नाही? या चुका टाळा

नाशिक जिल्ह्यातल्या सायखेड्याला, गोदावरीच्या पुलाजवळ संध्याकाळी गळ टाकून बसलेल्यांमध्ये एकच प्रश्न फिरत असतो: "आज काय लावलंय?" कुणी कोंबडीचं काळीज सांगतो, कुणी झिंगा, कुणाच्या डब्यात घरचं गुपित मिश्रण असतं. "कुठं टाकलंय?" असं मात्र फारसं कुणी विचारत नाही. शिवडा आणि शिंगाळा हे आपल्या नदीतले मोठे मिशीवाले मासे. ते न लागण्याचं कारण दहापैकी आठ वेळा आमिषात नसतं, जागेत असतं, असं माझं स्पष्ट मत आहे. मासा जिथं नाहीच तिथं सोन्याचा गळ टाकला तरी उपयोग काय?

जिथं उतरायला सोपं, तिथंच बसणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून हिच्यावरच जास्त बोलतो.

नाशिकपासून खाली गोदावरी काळ्या कातळावरून वाहते. जिथं कातळ झिजला तिथं डोह, जिथं टिकला तिथं खळखळ, आणि मध्ये मध्ये गाळाचे लांब संथ पट्टे. मोठा शिवडा दिवसा डोहात, कपारीच्या आडोशाला किंवा पाणवेलीच्या सावलीत पडून असतो. अंधार पडायला लागला की तो डोहाच्या तोंडाशी येतो. खळखळीचं पाणी खोलात शिरतं ती ही जागा, लहान मासे इथंच हाताशी सापडतात.

नदीच्या वळणावर बाहेरच्या काठाला धार घासून जाते, तिथं खोली असते. आतल्या काठाला वाळू आणि गाळ साचून पाणी उथळ राहतं. आता बसायला सोपा काठ कोणता? आतला. मोटारसायकल पाण्यापर्यंत जाते, चटई टाकता येते. त्यामुळे सगळी मंडळी उथळ बाजूला, आणि मासा समोरच्या काठाखाली. समोर पोहोचेल एवढी फेक येत नसेल तर पलीकडच्या गावातून फेरा मारून या, पण जागा बदला.

पुलाच्या खांबांमागे पाण्याचा जोर मोडतो, तिथं मासा कमी श्रमात उभा राहतो. केटी वेअरच्या (कोल्हापुरी बंधाऱ्याच्या) खालच्या अंगालाही तसंच. पण जिथं पाणी फेसाळून पडतं तिथं गळ टाकू नका. धार आणि संथ पाणी जिथं एकमेकाला घासतात, पृष्ठभागावर एक सुरकुती दिसते, त्या रेषेवर आमिष ठेवा. ओढ्याचं तोंड आणि दारणा नदीच्या संगमासारखी दोन पाणी मिळण्याची ठिकाणंही याच कारणाने चांगली.

तळ कसा आहे हे कळायला सोनार मशीन लागत नाही. गळ न लावता नुसतं शिसं बांधा आणि फेका. शिसं पाण्याला टेकलं की मनात आकडे मोजा, दोर सैल पडला की थांबा. एका जागी पाच आणि चार हात पलीकडे नऊ आले तर तिथं उतार आहे. मग काठीचं टोक खाली ठेवून शिसं सावकाश ओढत आणा. कातळ असेल तर हाताला टकटक जाणवते. वाळूवर शिसं एकसारखं घसरत येतं. गाळात ते चिकटतं, जरा ताण दिला की सुटतं आणि वर आल्यावर काळं माखलेलं असतं. ओढता ओढता एकदम अडल्यासारखं होऊन मग उडी मारून मोकळं झालं, तर ती कपारीची कड. आमिष त्या कडेच्या पायथ्याशी हवं, माथ्यावर नको. उन्हाळ्यात पाणी उतरलेलं असताना अर्धा दिवस नुसता काठाने फिरा आणि उघडे पडलेले कातळ, डोह, जुनी झाडं मोबाइलमध्ये टिपून ठेवा. पुढे वर्षभर ते कामाला येतं.

जागा निवडताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. नांदूर मध्यमेश्वर हे अभयारण्य आहे आणि 2020 साली ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. तिकडे गळ नेण्याचा विचारही नको. धरणांच्या जलाशयांत मासेमारीचे हक्क बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात, तेव्हा आधी विचारून घ्या. नदीकाठीही भोई मंडळींची जाळी लावलेली असतात. त्यांच्या जाळ्यावरून दोर टाकलात तर शिव्या खाव्या लागतील, आणि त्या रास्त असतील.

विसर्ग न बघता घरून निघणं

धरणातून पाणी सुटलं की नदीचा सगळा नकाशा बदलतो. नाशिकला रामकुंडावर लोक दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलं ते बघतात. आपण बातमीतला क्युसेकचा आकडा बघायचा. चांदोरी-सायखेड्याकडे जाणाऱ्यांना नुसता गंगापूर धरणाचा आकडा पुरत नाही, कारण दारणेचं पाणीही खाली येऊन मिळतं. दोन्ही विसर्ग बघूनच निघा.

पाणी चढत असताना मासा मधल्या धारेत थांबत नाही. काठाच्या गवतात, ओढ्यांच्या तोंडात, शेताच्या कडेला साचलेल्या पाण्यात शिरतो. तेव्हा लांब फेकण्याचा हट्ट चुकीचा ठरतो. पण खरं सांगायचं तर चढत्या पाण्यात काठावर नसणंच बरं. पाणी उतरायला लागलं आणि गढूळपणा चहाच्या रंगावर आला की मगच बसा.

विसर्गानंतरचा दुसरा ताप म्हणजे पाणवेली. त्यांचे गादीएवढे तुकडे वाहत येतात आणि दोर घेऊन जातात. काठीचं टोक उंच धरून दोर शक्य तेवढा पाण्याबाहेर ठेवा आणि पुलाच्या किंवा काठाच्या पुढे आलेल्या टोकाच्या आडोशाला बसा, पाणवेली त्याच्या बाजूने निघून जातील.

थंडीत पावसाळ्यासारखी अपेक्षा

निफाडला पारा घसरला आणि द्राक्षबागांत शेकोट्या पेटल्या की माशाचीही भूक बसते. त्याच्या शरीराचं तापमान पाण्यावर अवलंबून असतं, गार पाण्यात पचन मंदावतं. अशा दिवसांत रात्रभर कुडकुडत बसण्यात अर्थ नाही. दुपारभर ऊन खाल्लेल्या पाण्यावर संध्याकाळचे दोन तास बसा, सगळ्यात खोल डोह धरा, आमिष लहान लावा. मार्चनंतर पुन्हा रात्रीचा विचार करा.

सडकं आमिष

"मिशीवाला मासा घाण खातो, जितका वास तितकं बरं," हा समज काठाकाठाने पिढ्यान्पिढ्या चालत आला आहे. मिशांवर आणि अंगावर चवीची इंद्रियं असतात हे खरं, अंधारात तो वासा-चवीवरच शिकार शोधतो. पण शिवडा आणि शिंगाळा हे शिकारी मासे आहेत. ताज्या चिलापीचा रक्ताळलेला तुकडा त्यांना पुरतो. सडलेलं मांस पाण्यात पिठासारखं विरतं आणि गळावर टिकत नाही, हा वेगळाच तोटा. कोंबडीचं काळीज मऊ असतं, ते शिवणाच्या दोऱ्याने गळाला दोन-चार वेढे देऊन बांधा. कणकेची गोळी रोहू-मृगळासाठी ठेवा.

आमिष दहा मिनिटांत साफ होतं आणि काठी मात्र नुसती थरथरते? ते खेकडे किंवा लहान कटरणे मासे. तुकडा मोठा करा, माशाची कातडी ठेवूनच कापा, आणि गळाजवळ थर्माकोलचा छोटा मणी ओवा म्हणजे आमिष तळापासून वीतभर वर तरंगेल. तरीही थांबलं नाही तर जागा सोडा.

झटका लवकर, दोर बारीक

शिवडा आमिष तोंडात धरून थोडा लांब जातो. पहिल्याच टोचणीला झटका दिलात तर रिकामा गळ परत येतो. शिसं सरकतं ठेवा, म्हणजे दोर त्याच्यातून वाहील आणि माशाला वजन जाणवणार नाही. काठी वाकून तशीच राहिली की मग ओढा. सर्कल गळ (टोक आत वळलेला गोल गळ) असेल तर झटका द्यायचाच नाही. रीळ सावकाश गुंडाळत ताण वाढवला की गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. मासा सोडायचा असेल तर हाच गळ बरा, कारण तो सहसा पोटात जात नाही.

मोठा मासा "तोडून गेला" अशी तक्रार असते तेव्हा तुटलेलं टोक बोटांत धरून बघा. कापल्यासारखं स्वच्छ टोक असेल तर कातळाची धार. पांढुरकं, खरवडलेलं असेल तर बहुधा शिवड्याचे दात. त्याच्या जबड्यात बारीक दातांचे पट्टे असतात आणि ते दोर कानशीसारखा घासतात. गळाच्या वर हातभर लीडर, म्हणजे जाड दोराचा तुकडा, लावा. शेवटी पिळासारखं वेटोळं आलं असेल तर मात्र गाठ सुटली, दोष आपल्या बोटांचा. शिसं वारंवार कपारीत अडकत असेल तर ते मुख्य दोराला थेट न बांधता एका कच्च्या दोऱ्याने लटकवा. अडकलं तर तेवढंच तुटेल.

न ओळखता हात घालणं

शिवड्याचं तोंड डोळ्यांच्याही मागपर्यंत फाटलेलं, पाठीवरचा पर इवलासा आणि बिनकाट्याचा, पोटाखालचा पर शेपटीपर्यंत लांब. त्याच्या तोंडात बोट घालू नका, एवढं पाळलं तर पुरे. आयूसीएन या जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत तो आता असुरक्षित गटात आहे, आणि पावसाच्या सुरुवातीला माद्या अंड्यांनी भरलेल्या असतात. त्या दिवसांत लागलेला मासा सोडून द्यावा, असं मी तरी म्हणेन. हातभर लांबीचा मांगूर लागला तर तो बहुधा विदेशी थाई मांगूर असतो. त्याच्या संवर्धनावर देशात बंदी आहे, तो परत नदीत सोडायचा नाही.

शिंगाळ्याचं प्रकरण वेगळं. पाठीवर मागच्या बाजूला एक मांसल पर आणि त्यावर काळा ठिपका दिसला की सावध व्हा. पाठीचा एक आणि बाजूच्या परांचे दोन काटे करवतीसारखे दातेरी असतात, आणि मासा तडफडताना ते ताठ होऊन अडकून राहतात. ओलं गोणपाट टाकून डोक्यामागून, काट्यांच्या पाठून पकडा, गळ पक्कडीने काढा. पायाने दाबू नका, काटा चपलेतून आरपार जातो. लागलाच तर जखम स्वच्छ धुवा, सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवा म्हणजे ठणका उतरतो. हळद-चुना भरत बसू नका. काट्याचा तुकडा आत राहण्याची शक्यता असते, म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.