नॅकची पुढची सायकल: भिंती रंगवण्याआधी आकडे जुळवा

नॅक म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करून मानांकन देणारी राष्ट्रीय संस्था. 'नॅक येतंय' असं कळलं की कॉलेजातून पहिला फोन रंगाऱ्याला जातो, दुसरा कुंड्यावाल्याला. गोव्यातल्या आमच्या कॉलेजात मी मानांकनाच्या तीन सायकली, म्हणजे फेऱ्या, पाहिल्या, त्यातल्या दोन आयक्यूएसीची, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाची, समन्वयक म्हणून. रंगामुळे वाढलेला एकही गुण मला दिसला नाही. आकडे न जुळल्यामुळे गेलेले गुण मात्र अजून आठवतात.

२०१७ च्या चौकटीत मानांकन पाच वर्षांचं. ते संपण्याआधीच्या सहा महिन्यांत आयआयक्यूए, म्हणजे पहिला अर्ज, भरायचा, तो स्वीकारला गेला की ४५ दिवसांत एसएसआर, म्हणजे कॉलेजचा स्वतःबद्दलचा अहवाल. हे ४५ दिवस लिहिण्यासाठी असतात असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, ते फक्त अपलोड करण्यासाठी पुरतात. दरवर्षीचे एक्यूएआर, म्हणजे वार्षिक गुणवत्ता अहवाल, वेळेवर गेलेले असतील तर एसएसआर निम्मा तयार असतो. गेले नसतील तर आधी ते भरा, मग बाकीचं बोलू.

नियम बदलत असतात. श्रेणीऐवजी 'मानांकित आहे की नाही' एवढंच ठरवणारी बायनरी पद्धत नॅकने जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केली. त्यामुळे अर्ज करण्याच्या दिवशी लागू असलेली नियमावली उघडा, शेजारच्या कॉलेजने दिलेली जुनी पीडीएफ नको. मी सांगतेय तो अनुभव २०१७ च्या चौकटीतला. पण आकड्यांची तपासणी नव्या पद्धतीत कमी होईल या भ्रमात राहू नका, तिथे मोठा भर आकड्यांवरच आहे.

एसएसआरमधल्या सात निकषांची वर्णनं ज्याची भाषा बरी आहे त्याच्याकडे द्या. एकेका प्रश्नाला पाचशे शब्दांची मर्यादा असते आणि ती पुरते.

खरं दुखणं डीव्हीव्हीचं, म्हणजे आकड्यांच्या पडताळणीचं. आपण भरलेला प्रत्येक आकडा कॉलेज कधीच न पाहिलेली माणसं पडद्यावर तपासतात, पुरावा मागतात, पटला नाही तर आकडा कमी करतात. खुलाशाला मिळतात पंधरा दिवस. आमचे प्रश्न आले ते चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, तोंडावर. कारकून माटोळीचं (गणपतीवर बांधायच्या फळाफुलांच्या छताचं) सामान घेऊन पेडण्याला गेलेला, कपाटाची चावी त्याच्या खिशात, प्राचार्य काणकोणला घरच्या गणपतीला. पोर्टलला चवथ नसते, तिथे दिवस मोजले जातच होते. तेव्हापासून आमच्याकडे एसएसआर कधी सबमिट करायचा हे कॅलेंडर बघून ठरतं, आणि चावीचा दुसरा जोड माझ्या ड्रॉवरमध्ये असतो.

सुट्टीपेक्षा मोठा घोळ शिक्षकांच्या संख्येत झाला होता. पूर्णवेळ शिक्षक म्हणून आम्ही लेक्चर बेसिसवरच्या, म्हणजे तासावर पैसे घेणाऱ्या, नऊ जणांनाही मोजलं होतं. रोज दिसतात, परीक्षेचं काम करतात, स्टाफरूममध्ये त्यांची खुर्ची आहे, म्हणजे आपलेच. नॅकची व्याख्या वेगळी आहे: संपूर्ण शैक्षणिक वर्षभर नेहमीच्या कामाच्या तासांपैकी किमान ९० टक्के तास काम करणारा तो पूर्णवेळ. डीव्हीव्हीने नेमणूकपत्रं मागितली आणि पत्रांवर तासाचा दर छापलेला! नऊच्या नऊ गळाले. ते एका रकान्यातून गेले असते तर निभावलं असतं. पण तीच संख्या विद्यार्थी-शिक्षक प्रमाणात येते, भरलेल्या पदांच्या टक्केवारीत येते, पीएचडी आणि नेट-सेटच्या टक्केवारीतही येते. हे सगळं बसतं दुसऱ्या निकषात, आणि संलग्न कॉलेजांसाठी १००० पैकी ३५० गुण त्या एकाच निकषाचे. म्हणून कायम, पूर्ण वर्षाचे कंत्राटी आणि लेक्चर बेसिस अशा तीन याद्या पहिल्याच दिवशी वेगळ्या करा. लेक्चर बेसिसवाल्यांना वाईट वाटेल, वाटू द्या. चहा पाजा, यादीत घालू नका.

विद्यार्थिसंख्येचंही तसंच. आमच्या ऑफिसने दिली जूनमधल्या प्रवेशांची संख्या. एआयएसएचईत, म्हणजे केंद्राच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात, होती ३० सप्टेंबरची. मधल्या काळात काही मुलं आयटीआयला किंवा नर्सिंगला निघून गेलेली. एक्यूएआरमध्ये तिसराच आकडा, तो कुठून आला ते आजवर कळलेलं नाही. तीन कागद, तीन संख्या, आणि समोरचा माणूस तिन्ही शेजारी शेजारी उघडून बसलेला. आता मी एकाच पानावर पाच वर्षांचे मूळ आकडे लिहिते: विद्यार्थी, पूर्णवेळ शिक्षक, मंजूर पदं, पगार वगळून झालेला खर्च. त्यावर प्राचार्यांची सही घेते आणि ते पान काचेखाली ठेवते. सातही निकषांच्या लोकांनी भागाकार करायचा तो याच आकड्यांनी. स्वतःच्या वहीतला आकडा आणणाऱ्याला मी परत पाठवते, मग तो कितीही ज्येष्ठ असो.

खर्चाचा आकडा लेखापरीक्षित जमाखर्च पत्रकातूनच घ्या. संबंधित ओळी हायलाइट करून सीएची सही आणि शिक्का लागतो, आणि हंगामात सीए भेटत नाही, तेव्हा महिनाभर आधी गाठा. बातम्यांची कात्रणं कितीही सुंदर असली तरी 'नवप्रभा'तल्या मराठी बातमीसोबत इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं, एनएसएसच्या मराठी इतिवृत्तालाही. फोटोवर तारीख आणि ठिकाण उमटलेलं हवं. आमचे स्वच्छता मोहिमेचे चाळीस फोटो वाया गेले, कारण किनारा मिरामारचा की कोलव्याचा, साल कुठलं, काहीच सांगता येईना. पुरावे कॉलेजच्या स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवा. आम्ही एका शिक्षकाच्या खाजगी ड्राइव्हवर ठेवले होते आणि तपासणाऱ्याला दुवा उघडल्यावर परवानगी मागणारं पान दिसलं.

एक सल्ला हमखास मिळतो: 'भरपूर टाका, काहीतरी मान्य होईल.' साफ चूक. दोनशे पानांची पीडीएफ कुणी वाचत नाही. मागितलेलं पान वर ठेवा, नावाखाली रेघ ओढा, बस्स.

विद्यार्थी समाधान सर्वेक्षण ईमेलवर येतं, वीस प्रश्न आणि एक मोकळं उत्तर. दहा टक्के किंवा शंभर, यातली जी संख्या लहान तेवढी उत्तरं तरी आलीच पाहिजेत. मुलं ईमेल उघडत नाहीत, म्हणून वर्गात जाऊन पत्ते तपासा. उत्तरं काय लिहायची ते मात्र शिकवू नका.

पिअर टीमची, म्हणजे कॉलेज बघायला येणाऱ्या बाहेरच्या तज्ज्ञांची, भेट ही त्या चौकटीतली सोपी पायरी. खरं बोला. ग्रंथपालाला रजिस्टरं कुठे आहेत ते माहीत असू द्या, माजी विद्यार्थ्यांना पाठ करून आणू नका. जेवणात कोळंबी ठेवायची की नाही यावर आमच्याकडे तासाभराची सभा झाली होती. टीममधले तिघेही शाकाहारी निघाले.

टीम गेली की त्याच आठवड्यात चालू वर्षाच्या एक्यूएआरचं फोल्डर उघडा. त्याची मुदत ३१ डिसेंबर. गोव्यात त्या दिवशी ऑफिसात चिटपाखरू नसतं, त्याआधीही ३ डिसेंबरला सेंट झेवियरचं फेस्त, पुढे नाताळ. आमच्याकडे काचेखालच्या पानावर तारीख लिहिलेली आहे: २ डिसेंबर.