पोटातलं ओठावर: क्रोन्स आणि कोलायटिस न लपवता जगताना

क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस (आतड्यांना सूज येण्याचे दोन कायमचे आजार) लपवणं फार काळ जमत नाही, कारण आजार पुन्हा पुन्हा उलटतो आणि सबबी संपतात. "पोट बिघडलंय" हे पहिल्यांदा सगळ्यांना पटतं. तिसऱ्यांदा लोकांना वाटतं की हा माणूस काम टाळतोय, नाहीतर अरबटचरबट खातोय. म्हणून सांगायचं तर एकदाच, नीट आणि तब्येत बरी असताना सांगा. कळा येत असताना सांगितलेलं रडगाणं वाटतं.

वाक्य आधीच बसवून ठेवा. त्यात तीन गोष्टी हव्यात: काय झालंय, लागण होत नाही, आणि समोरच्याने काय करायचं. "माझ्या आतड्यांना सूज येण्याचा कायमचा आजार आहे. तो कुणाला लागत नाही. मधेच उठावं लागलं तर थांबवू नका, परत आल्यावर पुढे बोलू." बहुतेक जण तिसरा भाग गाळतात आणि तिथेच फसतात. समोरच्याला काम दिलं नाही की तो सल्ला देतो. "टेन्शन घेऊ नकोस," "बाहेरचं बंद कर," "माझ्या एका नातेवाइकाला पण असंच ॲसिडिटीचं होतं." यावर एकच उत्तर पुरतं: "खाण्याने झालेलं नाही, माझीच प्रतिकारशक्ती आतड्यांवर उलटली आहे." पुढे वाद घालू नका.

कामाच्या ठिकाणी निदानाचं नाव सांगायलाच हवं असं नाही, पण गरजा मोजून सांगा: संडासाजवळची जागा, बैठकीतून न विचारता उठण्याची मुभा आणि औषधाच्या तारखा. उदाहरणार्थ, शिरेतून दिलं जाणारं इन्फ्लिक्सिमॅब साधारणपणे पहिल्या डोसनंतर दुसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात, आणि मग दर ८ आठवड्यांनी असतं. म्हणजे सुट्ट्या कधी लागतील हे आधीच सांगता येतं, आणि आधी सांगितलेली सुट्टी कुणाला खुपत नाही. घरच्यांना मात्र सगळं सांगा. विशेषतः थकवा, कारण तो दिसत नाही आणि झोप काढूनही जात नाही.

आता विनोद. पहिला विनोद तुम्ही करायचा. लोक तुमच्या चेहऱ्याकडे बघून ठरवतात की हसावं की हळहळावं. तुम्ही हसलात की त्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरतं. विनोदाचा रोख परिस्थितीवर ठेवा, स्वतःची किळस करून घेण्यावर नको. बैठकीतून उठताना "आतड्यांनी मतदान घेतलंय, मी अल्पमतात आहे" एवढं म्हणून निघता येतं. स्टोमा (शस्त्रक्रियेने पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड, त्यावर मल गोळा करणारी बॅग लावतात) असेल तर आवाज होणारच, कारण तिथे वायू रोखून धरणारा स्नायू नसतो. तळहाताने बॅगेवर हलकेच दाबलं की आवाज दबतो. तरीही निसटलाच तर "याला माझं म्हणणं पटलेलं दिसत नाही." दुसरं कुणी मर्यादा सोडून बोललं तर सरळ सांगा की हा विनोद करायचा हक्क माझा आहे. एवढं म्हटलं की पुरतं.

घरात रोजच्या वापरासाठी ब्रिस्टल तक्ता फार सोयीचा. त्यात मलाचे १ ते ७ प्रकार आहेत: १ म्हणजे सुट्ट्या कडक गोळ्या, ४ म्हणजे मऊ आणि नीट, ७ म्हणजे नुसतं पाणी. "आज सहा" एवढं जेवणाच्या ताटावरही सांगता येतं आणि कुणाची भूक मरत नाही.

विनोद जिथे घात करतो ती जागा म्हणजे डॉक्टरांची खोली. "चाललीय पळापळ" असं हसत सांगितलं की कागदावर "ठीक आहे" अशी नोंद होते. तिथे आकडे द्या: २४ तासांत किती वेळा, त्यातले रात्री झोपेतून उठून किती, रक्त किती वेळा, घाई लागल्यावर किती मिनिटं थांबवता येतं, वजन किती घटलं. रात्रीचा आकडा महत्त्वाचा, कारण नुसत्या चिडचिड्या आतड्यांचा त्रास सहसा झोपेतून उठवत नाही. काही गोष्टींवर मात्र हसत बसूच नका. दिवसात ६ किंवा जास्त वेळा रक्त पडणारे जुलाब आणि सोबत ताप किंवा ९० च्या वर नाडी असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. पोट फुगून उलट्या होत असतील आणि वायूही सरत नसेल, तरी तेच. प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू असताना ताप आला तर "बघू उद्या" नको.

घरच्या घरी होणारे घोटाळेही ठरलेले आहेत. बरं वाटलं म्हणून स्टेरॉइड एकदम बंद केलं जातं. पण शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं मंदावलेलं असतं, म्हणून ते डॉक्टर सांगतील तसं टप्प्याटप्प्यानेच उतरवायचं. अंगदुखीवर आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेतलं तर आजार भडकू शकतो. त्याऐवजी पॅरासिटामॉल चालतं का ते विचारून ठेवा. कोलायटिस जोरात असताना जुलाब थांबवणारं लोपेरामाइड मनाने घेऊ नका, मोठं आतडं धोकादायकरीत्या फुगू शकतं.

बाहेरची पिशवी: दोन अंतर्वस्त्रं, एक गडद रंगाची पँट, ओले वाइप्स, झिंक ऑक्साइडचं मलम, दोन अपारदर्शक पिशव्या आणि ओआरएसची पुडी. पुडी नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा शिगोशीग भरू नका. साखर जास्त झाली तर तीच आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. पुसताना घासू नका, टिपा. स्टोमावाल्यांनी बॅगेच्या चिकट चकतीचं छिद्र स्टोमापेक्षा २–३ मिलिमीटर मोठं कापून सोबत ठेवावं. छिद्र जास्त मोठं झालं तर उघड्या कातडीवर मल लागून ती सोलवटते. बॅग एक तृतीयांश भरली की रिकामी करा, नाहीतर वजनाने चिकटलेली कड सुटते. सुट्या बॅगा उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, गोंद वितळतो.

एवढं करूनही कधीतरी कपड्यात होईलच. बसू नका, जॅकेट किंवा ओढणी कमरेला बांधा आणि चालू लागा. विचारलं तर "अपघात झालाय, दहा मिनिटांत येणार" यापुढे खुलासा नको. कपडे आधी थंड पाण्याखाली धरा. गरम पाण्याने डाग पक्का बसतो. आणि पिशवी त्याच संध्याकाळी पुन्हा भरा, कारण दोरीवर वाळणारी पँट पिशवीत परत घालायची हमखास राहून जाते.