टेकन शिकायचंय? आधी ब्लॉक करायला शिका, कॉम्बो नंतर

आपल्याकडे टेकन हा फायटिंग गेम म्हटला की बहुतेकांना टेकन ३ च आठवतो, १९९८ ला प्लेस्टेशनवर आला आणि मग पार्लरमध्ये, मित्राच्या घरी, नंतर कॉम्प्युटरवर, जिथे जागा मिळेल तिथे लोकांनी खेळला. एडी गोर्डो हे पात्र घ्यायचं, किकची दोन्ही बटणं बडवत सुटायचं आणि समोरचा चिडेपर्यंत थांबायचं नाही, हीच सगळ्यांची स्टाईल. आता त्याच आठवणीवर टेकन ८ घेतलात, ऑनलाइन गेलात आणि समोरच्याने तुम्हाला जमिनीला पाय लागू दिला नाही असं झालं असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. आणि लगेच यूट्यूबवर ६० डॅमेजचे कॉम्बो, म्हणजे एकामागून एक लागणाऱ्या वारांच्या माळा, शोधायला जाऊ नका. टेकनमध्ये नवीन माणूस हरतो तो कॉम्बो येत नाही म्हणून नाही, तो हरतो कारण समोरच्याचा वार ब्लॉक झाल्यावर आपल्याला फुकटात मारायची संधी मिळालीये हेच त्याला कळत नाही.

बटणांचं आधी बघू कारण पुढचं सगळं त्यावर आहे. टेकनमध्ये चार बटणं म्हणजे चार हातपाय: १ म्हणजे डावा हात, २ उजवा हात, ३ डावा पाय, ४ उजवा पाय. प्लेस्टेशनच्या कंट्रोलरवर अनुक्रमे चौकोन, त्रिकोण, फुली, गोल. कुठलीही गाइड उघडा, "१, २" लिहिलेलं असेल तर डावा-उजवा पंच एवढंच समजायचं. कीबोर्डवर खेळत असाल तरी काही बिघडत नाही, मोठमोठे खेळाडू हल्ली नुसत्या बटणांच्या कंट्रोलरवर खेळतात आणि ते जवळपास कीबोर्डच असतं.

आता ब्लॉक. वार तीन उंचीचे असतात, हाय, मिड आणि लो. उभं राहून मागे धरलं की हाय आणि मिड दोन्ही अडतात, लो लागतो. खाली-मागे धरून बसलात की लो अडतो, हाय डोक्यावरून जातो, पण मिड थेट तोंडावर बसतो. साधे थ्रो, म्हणजे पकडून आपटणं, ते पण हायच असतात त्यामुळे बसलात की तेही चुकतात. मग नेहमी काय करायचं, उभं राहायचं की बसायचं? उभं राहायचं, आणि ह्यात विचार करण्यासारखं फार काही नाही. हवेत उडवणारे, मोठं डॅमेज देणारे बहुतेक वार मिड असतात, लो मात्र बहुतेक वेळा छोटे, पायाला टोचून जाणारे. ते खा. खरंच खा, त्याने कोणी मरत नाही. प्रत्येक लो अडवायला बसणारा माणूस चार लो अडवतो आणि पाचव्या वेळी मिड लॉन्चर (हवेत उडवणारा वार) खाऊन अर्धी लाइफ घालवतो. ज्या लोने माणूस उडतो किंवा आडवा होतो ते सहसा हळू असतात, ब्रायन फ्युरीची ती खालून फिरणारी लांबलचक किक, स्नेक एज, ती डोळ्याने बघून बसता येते आणि एकदा अडवली की ब्रायन तुमच्यासमोर इतका वेळ अडकून पडतो की तुम्ही आरामात लॉन्च करू शकता.

इथून पनिशवर, म्हणजे ब्लॉकनंतरच्या त्या फुकटच्या वारावर येतो, कारण माझ्या मते टेकनचं अर्धं सार त्यातच आहे.

गेम सेकंदाला ६० फ्रेमवर, म्हणजे ६० चित्रांवर चालतो. सगळ्यात फास्ट वार म्हणजे साधा जॅब, छोटा सरळ पंच, जवळपास सगळ्या पात्रांचा १० फ्रेमचा, म्हणजे १० फ्रेममध्ये लागणारा. आता एक उदाहरण नीट बघा. समोरचा उडी मारून पाय वर घेऊन येणारी ती हॉपकिक टाकतो, जी लागली की तुम्ही हवेत. ती बहुतेक पात्रांकडे असते आणि नवीन मंडळी ती दर दोन सेकंदाला टाकतात. तुम्ही उभं राहून ब्लॉक केली. बऱ्याच पात्रांची ही किक ब्लॉक झाल्यावर उणे १३ असते, म्हणजे तुम्ही मोकळे झाल्यावरही तो आणखी १३ फ्रेम अडकलेला असतो, हात वर करता येत नाही, ब्लॉकही करता येत नाही. तुमचा जॅब १० फ्रेमचा. म्हणजे तुम्ही वेळेत १, २ दाबलं तर ते लागणारच, तो जगज्जेता असला तरी लागणार. ह्याला पनिश म्हणतात. तुमच्या पात्राकडे १२ किंवा १३ फ्रेमचा जास्त दणकट वार असेल तर तो टाका. वार उणे १५ किंवा त्याहून वाईट असेल तर जॅब मारून संधी वाया घालवू नका, सरळ लॉन्चर टाका आणि कॉम्बो करा. लो अडवलात तर तुम्ही बसलेले असता म्हणून तिथे उठता उठता मारायचा वार लागतो, बऱ्याच पात्रांची उठतानाची ४ नंबरची किक ११ फ्रेमची असते, तीच पहिल्यांदा हातात बसवा.

म्हणजे लक्षात ठेवायचं काय तर तुमच्या पात्राचे फक्त चार पनिश: उभं राहून १० फ्रेमचा, उभं राहून १५ चा लॉन्चर, उठतानाचा ११ चा आणि उठतानाचा लॉन्चर. पूर्ण मूव्हलिस्ट शंभरच्या वर असते, ती वाचत बसू नका.

सराव असा करायचा. प्रॅक्टिस मोडमध्ये फ्रेम डेटा दाखवायचं ऑन करा. समोर पॉल फिनिक्स ठेवा. त्याला त्याची ती प्रसिद्ध बुक्की, फिनिक्स स्मॅशर, रेकॉर्ड करून द्या, आणि सेटिंग असं ठेवा की वार झाल्यावर तो ब्लॉक करेल. हे ब्लॉकचं सेटिंग फार महत्त्वाचं आहे कारण मग तुमचा पनिश उशिरा पडला तर तो अडवेल आणि तुम्हाला लगेच कळेल की टायमिंग चुकलं, नाहीतर बाहुला नुसता मार खात उभा राहतो आणि आपल्याला वाटतं जमलं. टेकन ३ खेळलेल्या प्रत्येकाने ही बुक्की खाल्लेली आहे, एक लागली की लाइफचा मोठा तुकडा गायब. ती ब्लॉक करून लॉन्च करायला जमलं ना, की पॉल खेळणारे निम्मे लोक तुम्हाला घाबरवू शकणार नाहीत. हे हाताला बसलं की त्याच बाहुल्याला दोन वेगळे वार रेकॉर्ड करून द्या आणि तो कुठला टाकेल ते गेमवर सोडा, म्हणजे बघून ओळखायची सवय लागते. पनिशसाठी वेगळं ट्रेनिंग पण गेममध्ये दिलेलंच आहे.

ह्याच्या जोडीला एक समज यायला पाहिजे, आत्ता पाळी कोणाची आहे. तुमचा वार ब्लॉक झाला आणि तुम्ही उणे ५ मध्ये आहात तर ती तुमची पाळी नाही, पनिश होणार नाही पण तुम्ही परत बटण दाबलंत तर त्याचा जॅब तुमच्या आधी लागेल. तिथे ब्लॉक करा किंवा बाजूला सरका. बटणं बडवणारा नेमका इथेच मार खातो, त्याला सगळीच पाळी स्वतःची वाटते.

सरकायचं म्हणजे वर किंवा खाली एकदा टॅप करायचं, साइडस्टेप होतो. हा थ्रीडी गेम आहे आणि जॅब, सरळ बुक्क्या, कितीतरी लॉन्चर एका रेषेत येतात, ते अंगाजवळून जातात आणि समोरच्याची बाजू तुमच्यापुढे उघडी पडते. कझुया, हेइहाची ह्या मिशिमा मंडळींविरुद्ध साधारण तुमच्या डावीकडे सरकणं फायद्याचं असतं. मागे दोनदा टॅप केलं की बॅकडॅश, मागे सरकल्याने त्याचा वार हवेत जातो आणि तुम्ही मोकळ्या माणसाला मारता. कोरियन बॅकडॅश (लागोपाठ बॅकडॅश करायची अवघड पद्धत) वगैरे पुढची गोष्ट आहे, त्याच्या मागे आत्ता लागू नका, बोटं दुखतील आणि फायदा फारसा होणार नाही.

थ्रो सोडवायला समोरच्याचे हात बघायचे. दोन्ही हात एकदम पुढे आले तर १+२, नाहीतर १ किंवा २, टेकन ८ मध्ये साधे थ्रो दोन्हीपैकी कुठल्याही एकाने सुटतात. थ्रोवर खेळणारा किंग घेणाऱ्यांविरुद्ध हे लागतंच लागतं.

आता पात्र कुठलं घ्यायचं. इथे मी स्टोरी बघून निवडा असं सांगेन, आणि हे मनापासून सांगतोय, कारण टेकनमध्ये पात्राची गोष्ट आणि त्याची लढायची पद्धत एकमेकांना बांधलेली आहे. मूळ भांडण घरातलं आहे. हेइहाची मिशिमाने स्वतःच्या पाच वर्षांच्या पोराला, कझुयाला, कड्यावरून खाली फेकलं. पोरगा वाचला, मोठा होऊन पहिली टूर्नामेंट जिंकला आणि बापाला त्याच कड्यावरून फेकलं. पुढे बापाने परत येऊन त्याला ज्वालामुखीत टाकलं. कझुया आणि जुन कझामाचा मुलगा जिन, तो आईजवळ याकुशिमात वाढला. तो पंधरा वर्षांचा असताना ओगर नावाच्या राक्षसाने हल्ला केला, आई गायब झाली, म्हणून तो आजोबाकडे गेला, आजोबानेच त्याला शिकवलं आणि टेकन ३ च्या शेवटी त्याच आजोबाने त्याला गोळी घातली. टेकन ३ मधला जिन खेळून बघा, त्याच्या अंगात बापाचे मिशिमा वार पण आहेत आणि आईच्या कझामा घराण्याचे पण. टेकन ४ मध्ये मात्र तो मिशिमांचा इतका तिटकारा करतो की ती विद्याच टाकून देतो, ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला जाऊन साधं पारंपरिक कराटे शिकतो, आणि खेळणाऱ्याच्या हातातले जुने वार खरोखर गेलेले असतात! स्टोरीतला राग थेट कंट्रोलरवर जाणवतो. असं दुसऱ्या कुठल्या फायटिंग गेमने मला इतकं भिडवलेलं नाही.

म्हणून नवीन माणसाला मी जिन सांगतो, त्याच्याकडे सगळं थोडं थोडं आहे, ब्लॉक करा, सरका, पनिश करा, पाठ्यपुस्तकासारखा शिकवतो. पॉल आणि लॉ पण चांगले, थोडक्यात मोठं डॅमेज. कझुया आवडत असेल तर घ्या पण तयारीने घ्या, त्याचा जीव इलेक्ट्रिक नावाच्या विजेच्या बुक्कीत आहे: पुढे, मोकळं, खाली, खाली-पुढे आणि त्याच फ्रेमला २. फ्रेम चुकली तर साधा वार निघतो जो ब्लॉक झाला की उणे १०, म्हणजे जॅब खाल्लाच, आणि बरोबर पडला तर वीज चमकते आणि ब्लॉक होऊनही पाळी तुमचीच राहते. ह्याला महिने जातात. एडी टेकन ८ मध्ये २०२४ ला डीएलसी (वेगळं घ्यायचं पात्र) म्हणून परत आलाय. त्याची गोष्ट आठवते का, वडिलांचा खून झाला, तो स्वतः तुरुंगात गेला आणि तिथल्या म्हाताऱ्याकडून कापोइरा शिकला. एडीवर प्रेम असेल तर जरूर घ्या पण ह्यावेळी त्याचे कुठले वार उणे आहेत ते बघून घ्या, कारण आता समोरच्याला ब्लॉक करता येतो.

टेकन ८ मध्ये नवीन काय तर हीट. राउंडला एकदा, २+३ दाबलं की साधारण १० सेकंद तुमचं पात्र जास्त तापतं, ब्लॉकवर पण थोडी लाइफ खातं, आणि त्या वेळात परत २+३ दाबलं की हीट स्मॅश. नवीन लोक ती राउंडच्या सुरुवातीलाच उडवतात. थोडा दम धरा, वारांची पहिली कामाची देवाणघेवाण होऊ द्या. समोरच्याने हीट घेतली की घाबरून बटणं दाबू नका, ती १० सेकंद जातात. लाइफ कमी झाली की रेज आर्ट मिळतो, हा लाल मोठा वार समोरचा हरत आला की हमखास टाकतोच, तेव्हा त्याची लाइफ खाली आली की मारायचं थांबवून एकदा ब्लॉक धरा. रेज आर्ट अडला की तो उघडा, लॉन्च करा, राउंड तुमचा.

कॉम्बो एकच शिका. एक लॉन्चर, दोन-तीन वार, टोर्नेडो (हवेतल्या माणसाला गरगर फिरवून कॉम्बो लांबवणारा वार), पळत जाऊन शेवटचा वार. दहापैकी नऊ वेळा न चुकता पडणारा ४५ डॅमेजचा कॉम्बो हा दहापैकी दोनदा पडणाऱ्या ७० च्या कॉम्बोपेक्षा कितीतरी चांगला.

ह्या सगळ्याचा मोठा पुरावा आपल्या शेजारीच आहे. लाहोरचा अर्सलान ॲश २०१९ मध्ये आधी जपानची आणि मग लास वेगासची एव्हो ही फायटिंग गेमची मोठी स्पर्धा जिंकला, एकाच वर्षात दोन्ही, तोपर्यंत पाकिस्तानच्या टेकनकडे जगात फारसं कोणी बघत नव्हतं. त्याच्या मॅच काढून बघा आणि बघताना मारणाऱ्याकडे नका बघू, ब्लॉक करणाऱ्याकडे बघा. तो किती वेळा काहीच दाबत नाही, नुसता उभा राहतो, मागे सरतो, आणि समोरच्याने एक वार जास्त टाकला की तेवढाच पकडतो.

शेवटचं काम रिप्ले. टेकन ८ मध्ये स्वतःची हरलेली मॅच उघडली की गेम स्वतः सांगतो की इथे अमुक वाराने पनिश करता आलं असतं, आणि तिथेच रिप्ले थांबवून कंट्रोल हातात घेऊन तो क्षण परत खेळता येतो. रोज एक हरलेली मॅच घ्या, त्यात ज्या वाराने तुम्हाला सगळ्यात जास्त मारलं तो एकच वार निवडा, तो हाय आहे का मिड का लो, ब्लॉकवर उणे किती, सरकून चुकतो का, एवढं शोधा आणि प्रॅक्टिसमध्ये बाहुल्याला द्या. दुसऱ्या दिवशी दुसरा वार.