नेदरलँड्समध्ये नवीन आलात? सायकल आणि गाडी रस्त्यावर काढण्याआधी

ॲम्स्टलव्हेन असो की आइंडहोव्हन, इथे उतरलात की पहिल्याच आठवड्यात कोणीतरी सांगतं, "आधी सायकल घ्या." घ्याच. फक्त घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला ऑफिसला निघू नका. रविवारी सकाळी रस्ते रिकामे असतात, तेव्हा घर ते ऑफिस आणि घर ते मुलांची शाळा अशा दोन फेऱ्या मारून या. मी इथे बारा वर्षं आहे आणि नवीन आलेल्या प्रत्येक कुटुंबाला हे सांगतो. सायकल आपल्याला लहानपणापासून येते, पण इथला रस्ता येत नाही.

सुरुवात ब्रेकपासून. जुनी सायकल घेतलीत तर बऱ्याचदा हँडलला ब्रेकच नसतो, तो पायात असतो. पॅडल उलटं दाबलं की मागचं चाक थांबतं. आपल्याला उतारावर पॅडल मागे फिरवत मजेत जायची सवय असते. इथे तसं केलंत तर सायकल जागीच अडकते आणि मागचा येऊन आदळतो. उलटंही होतं. पहिल्याच आठवड्यात माझी बायको कालव्यावरच्या पुलावरून उतरत होती. समोर एक मूल आलं आणि तिची बोटं मुठीवर ब्रेक शोधत राहिली. पॅडल उलटं दाबायचं हे पायांना आठवलंच नाही. कठड्याला घासत ती थांबली, मनगटापासून कोपरापर्यंत साल निघाली होती. म्हणून मोकळ्या पार्किंगमध्ये वीस-पंचवीस वेळा फक्त थांबण्याचा सराव करा. चालवण्याचा नाही, थांबण्याचा.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे चौकात आपण समोरच्याचा अंदाज घेतो, थोडं पुढे सरकतो, तो थांबतोय असं दिसलं की घुसतो. पुण्यात वाढलेल्या माणसाला हे शिकवावंही लागत नाही. इथे असा अंदाज कोणी घेत नाही. नियमाने कोण आधी जाणार हे ठरलेलं असतं आणि ज्याचा हक्क आहे तो वेग कमी न करता येतो, कारण तुम्ही थांबणारच याची त्याला खात्री असते. इथे तुम्हाला जो उर्मटपणा वाटेल, तो निम्म्याहून जास्त वेळा हा विश्वास असतो. तुम्ही अर्धवट थांबून अर्धवट निघालात तर तो विश्वास मोडतो आणि तिथेच अपघात होतात.

त्यातला पहिला नियम 'रेख्त्स खात फोर', म्हणजे उजवीकडून येणारा आधी. जिथे सिग्नल नाही, पाटी नाही, रस्त्यावर खुणा नाहीत, त्या चौकात तुमच्या उजवीकडून येणाऱ्याला जाऊ द्यायचं. २००१ पासून हा हक्क सायकलवाल्यालाही आहे. रस्ता रुंद की अरुंद याच्याशी संबंध नाही. आपल्या डोक्यात मात्र 'मोठ्या रस्त्यावरचा आधी' हे पक्कं बसलेलं असतं. माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी अशाच रुंद रस्त्यावरून गाडीने चाललो होतो. उजवीकडच्या छोट्या गल्लीतून एक बाई पुढे लाकडी पेटी असलेली सायकल घेऊन आली, पेटीत दोन मुलं. ती थांबली नाही, तिने थांबायचंही नव्हतं. माझी गाडी पेटीपासून हातभर अंतरावर थांबली. धाकट्याच्या डोक्यावरची पिवळी टोपी मला आजही दिसते. याला अपवाद दोन लक्षात ठेवा: ट्रामला सरळसरळ आधी जाऊ द्यायचं, आणि फूटपाथ न तुटता गल्लीच्या तोंडावरून सलग गेलेला असेल तर त्या गल्लीतून येणाऱ्याने थांबायचं.

जिथे खुणा आहेत तिथे रस्त्यावरचे पांढरे त्रिकोण बघा. इथे त्यांना शार्कचे दात म्हणतात. टोकं तुमच्याकडे असतील तर थांबणार तुम्ही. गावातल्या बहुतेक गोल चौकांत गोलावरच्या सायकलींना आधी जाऊ द्यायचं असतं, गावाबाहेर बहुतेक उलट. पाठ करत बसू नका, दात बघा.

गाडी चालवणाऱ्यांनी एक सवय विमानतळावरच सोडावी. आपल्याकडे डिपर मारला की अर्थ 'मी येतोय, थांब'. इथे समोरच्याने लाइट चमकवला तर बहुतेक वेळा अर्थ असतो 'जा तुम्ही'. तुम्ही सवयीने डिपर मारलात की समोरचा आभाराचा हात करून थेट तुमच्यापुढे येतो. हॉर्नचंही तसंच, तो फक्त धोका असेल तेव्हा वाजवायचा.

इथले लोक चुका करत नाहीत असं मुळीच नाही. मोबाइल हातात धरून सायकल चालवायला १ जुलै २०१९ पासून बंदी आहे, दंड दीडशे युरोच्या पुढे आहे, तरी शाळा सुटल्यावर बघा. कायद्याने दोघांनी शेजारी-शेजारी चालवता येतं, मुलं चौघंचौघं जातात. नोव्हेंबरात पाच वाजता अंधार पडतो आणि काळे कोट घालून, लाइट न लावता माणसं समोरून येतात. सगळ्यात वाईट फॅटबाइक, म्हणजे जाड चाकांच्या विजेवरच्या सायकली. विजेची मदत ताशी २५ किलोमीटरपर्यंतच चालते, पण छेडछाड करून वेग वाढवलेल्या खूप फिरतात आणि त्यांचा आवाज येत नाही. वळण्याआधी खांद्यावरून मागे बघा, हात बाहेर काढा, मगच वळा. मागून कोणी घंटी वाजवली तर दचकून डावीकडे जाऊ नका, उजवीकडे सरका. ती घंटी राग नसतो. आणि सुटकेस ओढत लाल रस्त्यावरून चालू नका. तो फूटपाथ नाही, सायकलींचा रस्ता आहे. रस्ता ओलांडताना आपली मान आधी उजवीकडे जाते. इथे वाहनं उजव्या बाजूने धावतात, म्हणून आधी डावीकडे बघा. सायकलींचे काही रस्ते दुहेरी असतात, तिथे दोन्हीकडे.

ट्रकबद्दल मात्र मी हात जोडून सांगतो. चौकात उजवीकडे वळणाऱ्या ट्रकच्या उजव्या अंगाला कधीही उभे राहू नका. 'डोडे हूक', म्हणजे ड्रायव्हरला न दिसणारा कोपरा, इथल्या मुलांना शाळेत खरा ट्रक उभा करून दाखवतात. तुमची मुलं मोठ्या वर्गात आली असतील तर हा धडा त्यांचा हुकलेला असेल, तो तुम्ही द्या. ट्रकच्या मागे थांबा. सिग्नलचं एक चक्कर गेलं तरी चालेल. ट्रामचे रूळही तिरके ओलांडू नका, चाक फटीत जातं. जमेल तितकं काटकोनात जा. आठ वर्षांखालच्या मुलाला मागच्या कॅरिअरवर नुसतं बसवता येत नाही, सीट लावावी लागते.

गाडीतून उतरताना दार उजव्या हाताने उघडा, म्हणजे खांदा वळतो आणि मागून येणारी सायकल दिसते. भारतीय लायसन्स नगरपालिकेत नोंदणी झाल्यापासून १८५ दिवसच चालतं. परदेशातून कामासाठी आलेल्यांना मिळणारी ३० टक्के करसवलत तुम्हाला मिळाली असेल तर ते बदलून मिळतं, नाहीतर लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते. बदलून मिळालं तरी इथल्या प्रशिक्षकाबरोबर चार-पाच तास गाडी चालवा. पैसे जातात, पण उजव्या बाजूने चालवण्याची भीती आणि सवयीने चुकीच्या बाजूला वळण्याचा धोका दोन्ही कमी होतात. ॲम्स्टरडॅममध्ये ८ डिसेंबर २०२३ पासून बहुतेक रस्त्यांवर वेगमर्यादा ३० आहे.

गाडी आणि सायकल यांची धडक झाली तर भरपाईचा भार कायद्याने बहुतांशी गाडीवाल्यावर येतो, आणि सायकलवर चौदा वर्षांखालचं मूल असेल तर जवळजवळ पूर्ण. पण सायकलवरून तुम्ही एखाद्या आजींना पाडलंत तर ते तुमच्या अंगावर येतं. त्यासाठी घरगुती दायित्वाचा विमा पहिल्याच महिन्यात काढा, महिन्याला काही युरो लागतात. जखमी असेल तर ११२. तातडी नसेल तर पोलिसांचा नंबर ०९००-८८४४. दोन्ही आजच मोबाइलमध्ये टाका, आणि सायकलला पुढे पांढरा, मागे लाल लाइट ऑक्टोबर संपायच्या आत लावा. लुकलुकणारा नको, स्थिर हवा.