फ्लाइंग क्लबची जुनी रिळं: प्रोजेक्टर लावायच्या आधी आणि नंतर

माळ्यावरच्या डब्यातून फ्लाइंग क्लबमधल्या कामाची घरगुती रिळं निघाली की पहिली इच्छा होते ती प्रोजेक्टर काढून भिंतीवर लावायची. तेवढं एक करू नका. चाळीस-पन्नास वर्षं गुंडाळून पडलेली फिल्म आटते, ठिसूळ होते. तिची भोकं प्रोजेक्टरच्या दात्यांशी नीट जुळत नाहीत, आणि मध्येच अडकली तर दिव्याच्या उष्णतेने तेवढा तुकडा जळतो. घरगुती रिळाची दुसरी प्रत बहुतेक नसतेच. निगेटिव्हही नसते, कारण कॅमेऱ्यात जी फिल्म घातली तीच धुऊन परत आलेली असते.

आधी फिल्म ओळखा. ८ मिमी रुंदीच्या फिल्मचे दोन प्रकार घरांत सापडतात. रेग्युलर ८ मध्ये भोक मोठं आणि दोन फ्रेमच्या मधल्या रेषेवर असतं. १९६५ साली आलेल्या सुपर ८ मध्ये ते लहान असून फ्रेमच्या मध्यासमोर असतं. ५० फुटांच्या रिळात रेग्युलर ८ च्या ४,००० फ्रेम, म्हणजे सेकंदाला १६ च्या गतीने ४ मिनिटं १० सेकंद. सुपर ८ च्या ३,६०० फ्रेम, म्हणजे १८ च्या गतीने ३ मिनिटं २० सेकंद. कोडॅकच्या फिल्मच्या कडेला त्रिकोण, चौकोन, वर्तुळ अशा खुणा असतात, त्यांवरून फिल्म कोणत्या साली बनली ते कळतं. पण खुणा दर वीस वर्षांनी पुन्हा त्याच येतात, आणि साल फिल्म बनल्याचं असतं, चित्रीकरणाचं नव्हे. एकट्या खुणेवर तारीख ठरवू नका.

मग नाक आणि पट्टी. डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर फिल्मचा पाया सडायला लागला आहे. असं रीळ ताबडतोब इतरांपासून वेगळं ठेवा, कारण त्याची वाफ शेजारच्या रिळांनाही लागते. आता आटण्याचं माप घ्या. एका भोकाची वरची कड पट्टीच्या शून्यावर ठेवा आणि तिथून पुढच्या शंभराव्या भोकाच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. रेग्युलर ८ मध्ये हे अंतर ३८१ मिमी भरायला हवं, सुपर ८ मध्ये ४२३ मिमी. ४ मिमी कमी भरलं तर फिल्म साधारण एक टक्का आटली. ती दात्यांच्या कुठल्याही यंत्रात घालू नये, रबरी रोलरवर चालणाऱ्या स्कॅनरवरच द्यावी. वेटोळी एकमेकांना चिकटली असतील तर ओढून सोडवू नका, इमल्शनचा, म्हणजे चित्र असलेल्या जिलेटिनचा, थर उलट्या बाजूला निघून येतो. ते काम प्रयोगशाळेचं.

मुंबई-कोकणच्या दमट हवेत बुरशी हमखास असते. ती पाण्याने पुसणं ही सर्वांत महागात पडणारी चूक, कारण बुरशीने खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं आणि चित्रच कापडावर येतं. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं चालत नाही, त्यात उरलेलं बहुतेक पाणीच असतं. धागे न सुटणारं सुती कापड जेमतेम ओलं करा, त्याची घडी फिल्मभोवती हलक्या हाताने धरा आणि हाताने फिरवायच्या रिवाइंडरवर फिल्म सावकाश ओढा. दर दोन-तीन मीटरला कापडाची स्वच्छ बाजू घ्या, आणि फिल्म सुकल्याशिवाय गुंडाळू नका. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ गॅस किंवा उदबत्ती नको. कडेला तपकिरी चुंबकीय पट्टी दिसली तर त्या रिळावर आवाज असू शकतो, ते फक्त कोरड्या कापडाने पुसा. कोळ्याच्या जाळ्यासारखे डाग पुसूनही राहिले तर तिथलं जिलेटिन गेलेलं आहे, जास्त घासू नका. जुने चिकटपट्टीचे जोड गळायला लागलेले असतात, ते बदला आणि दोन्ही टोकांना मीटरभर पांढरी कोरी फिल्म जोडा.

स्कॅनिंग बाहेर करून घेताना दुकानदाराला काय सांगायचं, यावर अर्धं काम अवलंबून असतं. भिंतीवर पाडलेलं चित्र मोबाइलने टिपून देणाऱ्याकडे जाऊ नका. प्रत्येक फ्रेमचं वेगळं स्कॅन हवं, निदान २के (सुमारे दोन हजार बिंदू रुंदीचं), आणि फ्रेमच्या कडा व भोकांसकट. हँगरच्या अंधारातून कॅमेरा बाहेरच्या उन्हातल्या एप्रनवर (विमानं उभी करायच्या फरशीवर) वळला की आपोआप उजेड जुळवणारं यंत्र गोंधळतं आणि चित्र फिकट-गडद होत राहतं, म्हणून ते जुळवणं बंद ठेवायला सांगा. मूळ फाइल प्रोरेस स्वरूपात घ्या, बघायला एमपी४ वेगळी. गती मूळची १६ किंवा १८ च हवी. १८ ची फिल्म २५ ने चालवली तर ३ मिनिटं २० सेकंदांचं रीळ २ मिनिटं २४ सेकंदांत संपतं आणि माणसं तुरुतुरु पळताना दिसतात.

धूळ आपोआप काढणारी संगणकीय सफाई मूळ प्रतीवर अजिबात नको. एकाच फ्रेममध्ये दिसणारा काळा ठिपका तिच्या लेखी धूळ असतो. आकाशात लांबवर वळण घेणारं विमान आणि फिरत्या पंख्याचं (प्रोपेलरचं) पातं तिला तसंच दिसतं, आणि दोन्ही पुसली जातात. चित्र स्थिर करणारं तंत्रही विमानातून घेतलेल्या दृश्यांवर वापरू नका, पंखाला आधार देणारे दांडे (स्ट्रट) वाकडे होतात आणि क्षितिज लाटेसारखं हलतं.

आता पंख्याविषयी, कारण इथे बरेच जण फसतात. पंखा उलटा फिरताना दिसला म्हणून रीळ उलटं स्कॅन झालं असं समजू नका. १६ फ्रेमच्या कॅमेऱ्यासमोर इंजिन मिनिटाला ९६० फेऱ्यांवर असेल, तर दर फ्रेमला पंख्याची बरोबर एक फेरी होते आणि तो थांबलेला दिसतो. फेऱ्या जरा कमी झाल्या की तो मागे सरकताना दिसतो. १८ फ्रेमला हाच आकडा १,०८०. मंद गतीवरचं इंजिन नेमकं याच्या आसपास असतं.

फिल्म आरशासारखी उलटली आहे का, हे दोन गोष्टींवरून ठरतं. एक म्हणजे विमानाच्या अंगावरची ‘व्हीटी’ने सुरू होणारी नोंदणीची अक्षरं. ती वाचता येत नसतील तर हेल्पर हाताने पंखा मारतो ते दृश्य शोधा. तिथे पातं सावकाश हलतं, डोळ्याला चकवा बसत नाही. पुष्पक या विमानाला ९० अश्वशक्तीचं कॉन्टिनेंटल इंजिन. समोरून पाहिलं तर त्याचा पंखा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. टायगर मॉथ या विमानाच्या जिप्सी मेजर इंजिनाचा पंखा समोरून काट्यांच्या दिशेने फिरतो. हेल्परचा हात कुठून कुठे खाली येतो, तेवढं पाहिलं की उत्तर मिळतं.

विमान ओळखणं सोपं आहे. दोन मजली पंख आणि पुढे-मागे बसायच्या उघड्या जागा म्हणजे टायगर मॉथ. पंख वर, जागा शेजारी-शेजारी, शेपटीखाली चाक आणि अंगावर कापड म्हणजे बहुधा पुष्पक. तो हिंदुस्तान एअरक्राफ्टने बंगळूरला बनवला, पहिलं उड्डाण १९५८ सालचं. त्यामुळे पुष्पक दिसला की रीळ त्याआधीचं असूच शकत नाही. जागा आणि वेळ धावपट्टीवरच्या आकड्यावरून काढता येते. बॉम्बे फ्लाइंग क्लबच्या जुहूला ०८/२६ आणि १६/३४ अशा दोन पट्ट्या. समोर २६ दिसत असेल तर कॅमेरा पश्चिमेकडे बघतो आहे. सावल्या कॅमेऱ्याकडे येत असतील तर दुपार उलटून गेलेली, समोर पडत असतील तर सकाळ.

नोंदणीची अक्षरं मिळाली की वैमानिकाचं लॉगबुक उघडा. त्यात तारीख, विमानाचा प्रकार, नोंदणी, कोणाबरोबर आणि किती वेळ, सगळं ओळीने असतं. एका रिळात दोन वेगवेगळी विमानं सापडली तर ती दोन्ही कोणत्या आठवड्यात उडाली ते पाहा, तारीख चटकन आवाक्यात येते.

व्हीएचएसच्या कॅसेट असतील तर आत पांढरी बुरशी आहे का ते खिडकीतून पाहा. असेल तर यंत्रात घालू नका, हेड खराब होऊन पुढची प्रत्येक कॅसेट बिघडते. मिनीडीव्ही कॅसेट मात्र फायरवायर केबलनेच संगणकावर उतरवा, तासाला साधारण १३ जीबी जागा लागते.

यानंतर जुन्या माणसांबरोबर बसायचं. लॅपटॉप टेबलावर, शेजारी मोबाइलवर आवाजाचं रेकॉर्डिंग सुरू, आणि पहिल्यांदा पूर्ण रीळ एकही प्रश्न न विचारता. ‘हे अमुक काका ना?’ असं विचारलं की समोरचा माणूस भिडेखातर हो म्हणतो. दुसऱ्या फेरीत थांबवत थांबवत ‘इथे काय चाललंय?’ एवढंच विचारा. ड्रममधून पेट्रोल भरताना नरसाळ्यावर शॅमॉय चामडं का, पंखांच्या कापडावर डोप (कापड ताणून घट्ट करणारं रोगण) किती हात, चाकांपुढचे ठोकळे (चॉक) कोणी काढायचे, ही उत्तरं याच फेरीत येतात. एका बैठकीला तीन-चार रिळं पुरेत.

नावं विचारताना आधी हेल्परांची विचारा. वैमानिक आणि प्रशिक्षक लॉगबुकात सापडतात, इंजिनिअरची सही विमानाच्या कागदपत्रांत असते. पंखा मारणारा, हँगरचे दरवाजे ओढणारा, पंख धुणारा माणूस यांतल्या कशातही नसतो, तो फक्त या रिळात असतो. नाव मिळालं तर सांगणाऱ्याने उच्चारलं तसंच, फ्रेमच्या क्रमांकासमोर लिहा. नाही मिळालं तर ‘हेल्पर, नाव बाकी’ असं लिहून ती फ्रेम पोस्टकार्डाएवढी छापा आणि पुढच्या माणसाकडे घेऊन जा.