अश्वमेधाची इंडो-युरोपीय मुळं शोधताना या चुका टाळा

'रोममध्येही घोडा बळी देत, म्हणजे अश्वमेधाचं मूळ तेच', ही सगळ्यात मोठी चूक. अल्ताय पर्वतातले तुर्की भाषा बोलणारे लोकही घोडा बळी देत, आणि त्यांची भाषा इंडो-युरोपीय, म्हणजे संस्कृत, लॅटिन, आयरिश ज्या कुळातल्या त्यातली, नाही. घोडा मोलाचा प्राणी. तो देवाला द्यावा हे कुणालाही सुचेल. नातं दिसतं ते बारकाव्यात. रोममध्ये १५ ऑक्टोबरला रथांची शर्यत होई आणि जिंकलेल्या जोडीतला उजवा घोडा मार्स देवाला बळी जाई. शतपथ ब्राह्मण या यज्ञविधी सांगणाऱ्या वैदिक ग्रंथाच्या तेराव्या कांडात अश्वमेधाचा घोडा सांगितलाय, तो जोखडाच्या उजव्या बाजूला ज्याला तोड नाही असा. इतका नेमका तपशील जुळतो तेव्हा तुलनेला खरा अर्थ येतो.

पण जुळतं ते मिरवायचं आणि बाकीचं झाकायचं, हेही चालणार नाही. रोमन घोडा भाल्याने मारत, अश्वमेधात श्वास कोंडून. तिथला विधी दरवर्षीचा. आपल्याकडचा सार्वभौम राजाचा, घोडा वर्षभर मोकळा सोडून केलेला.

अश्वमेध फक्त महाभारतातून पाहू नका. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातली १६२ आणि १६३ ही सूक्तं आधी वाचा. तिथे घोड्यापुढे पूषन् देवाचा बोकड चालतो, मांस शिजतं. वर्षभराच्या भ्रमंतीचा उल्लेख नाही. ती भ्रमंती ब्राह्मणग्रंथांत येते. मात्र उजव्या बाजूचा तपशीलही ब्राह्मणातलाच आहे, तेव्हा 'सूक्तात नाही ते सगळं नवं' असं म्हणता येत नाही. प्रत्येक तपशील वेगळा तपासावा लागतो, आणि या कामाला घाई चालत नाही.

आयर्लंडच्या दाखल्याबाबत विशेष जपा. राज्याभिषेकाच्या वेळी पांढरी घोडी मारून तिच्या रश्श्यात राजा बसे, मांस खाई, असं जेराल्डस कॅम्ब्रेन्सिसने बाराव्या शतकात लिहिलं. इथे विधीतली जोडी राजा आणि घोडीची, अश्वमेधात महिषी म्हणजे पट्टराणी आणि घोड्याची. साम्य विलक्षण आहे. पण हा लेखक आयर्लंड जिंकायला गेलेल्या नॉर्मनांचा आप्त, आणि आयरिश लोकांना रानटी दाखवणं त्यांच्या सोयीचं होतं. पुरावा टाकू नका, पण त्याच्यावर सगळी इमारतही उभारू नका.

इंडो-युरोपीय हे भाषाकुळाचं नाव आहे, वंशाचं नव्हे. आणि रोमला जाण्याआधी इराणात डोकवा: वैदिक यज्ञातलं पेय सोम आणि अवेस्ता या पारशी धर्मग्रंथातला हओम हे नातं कितीतरी जवळचं आहे.

जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेच्या लेखात अश्वमेधाची आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गायी, घोडे आणि कार्षापण नावाच्या नाण्यांची नोंद आहे. तिथे इंडो-युरोपीय भाषांचं मूळस्थान मानलं जाणारं गवताळ मैदान शोधत बसू नका. तो लेख दख्खनच्या राज्यकर्त्यांना यज्ञातून काय सांगायचं होतं, यासाठी वाचावा.