आधी लालबागला मसाला, मग राणीची बाग

पहिलं काम कॅलेंडर बघायचं. राणीची बाग बुधवारी बंद असते आणि तिला लागूनचं भाऊ दाजी लाड संग्रहालयही, तेव्हा तो वार सोडा. एप्रिल-मेचे शनिवार-रविवारही नकोत. लालबागच्या मिरची गल्लीत डंखावर, म्हणजे मसाला कुटायच्या यंत्रावर, नंबर लागता लागत नाही. मी तर म्हणेन, मार्चमध्येच उरका.

घरच्या मसाल्याचं प्रमाण कागदावर लिहून घ्या. मोबाईलमध्ये असलं तरी कागदावरच, तिखटाच्या हातांनी स्क्रीन कोण चाळणार? दुकानदार प्रमाण सांगतोच, पण त्यात तुमच्या सासूबाईंचं तिरफळ नसतं. रंगाला बेडगी, तिखटाला संकेश्वरी किंवा लवंगी. मिरची घेताना एक मोडून बघा. कडकन तुटली तर घ्या. चिवटपणे वाकली तर अजून ओल आहे, तसा मसाला पावसाळ्यात जाळी धरतो. देठं काढून देणाऱ्या बायका तिथेच बसलेल्या असतात. त्यांचे पैसे वाचवू नका. घरी देठं काढत बसलात तर रात्रभर बोटं चुरचुरतील.

कपडे जुने, सुती. मोठा रुमाल किंवा मास्क हवाच, कारण लोखंडी मुसळं उखळात आपटायला लागली की अख्खी गल्ली शिंकते. कॉन्टॅक्ट लेन्स घालू नका. दम्याचा त्रास असलेल्यांनी आणि लहान मुलांनी इकडे न येता थेट बागेत जावं. सोबत ताकाची बाटली ठेवा. तिखटातलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे नुसतं पाणी पिऊन जळजळ जात नाही. हातांना आधी तेल चोळायचं, मग साबण.

डंखापासून हलू नका. तुमच्या आधी कुणाचा गोडा मसाला कुटला असेल तर उखळ पुसून घ्यायला सांगा. चाळणीत राहिलेलं जाडसर पुन्हा कुटायला टाकतात की नाही, तेही बघा. मसाला गरम निघतो. लगेच झाकण लावलं तर आत वाफ धरते, म्हणून स्टीलच्या डब्यावर मलमलचं फडकं बांधा.

चिंचपोकळीहून लोकलने पुढचंच स्टेशन भायखळा. पूर्वेला उतरलात की बाग चालत जाण्यासारखी. मसाल्याच्या डब्याजवळ एखाद्या काकांना सावलीत बसवा, त्यांना तेच हवं असतं. मुलं पेंग्विनकडे धावणार, धावू द्या. मोठ्यांनी गोरखचिंचेचा जाडजूड बुंधा बघावा आणि संग्रहालयाबाहेरचा घारापुरीहून आणलेला दगडी हत्तीही. बेटाला एलिफंटा हे नाव त्याच्यावरून पडलं. संग्रहालय १८७२ सालचं आहे. पाय दुखत नसतील तरच आत जा, नाहीतर घाईघाईत बघून होईल.

घरी परतल्यावर मसाला पूर्ण गार होऊ द्या. मग कोरड्या बरणीत दाबून भरा आणि मधूनमधून खडा हिंग ठेवा.